कडा, पुळण आणि सडा: कोकणचा किनारा पाच दिवसांत कसा पाहावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं कुटुंब, बरोबर साठी ओलांडलेले आईवडील, हाताशी पाच दिवस आणि स्वतःची गाडी. परदेशातल्या किनाऱ्यांचे फोटो पाहून विचारलंय की समुद्रात घुसलेले कडे, वाळूच्या टेकड्या आणि कड्यांवरची प्राचीन ठिकाणं आपल्याकडे आहेत का, आणि असतील तर एका फेरीत पाहून होतील का.

आहेत, आणि होतील. पण किनाऱ्यावर लागेल ते गाव टिपत जाण्याचा बेत असेल तर तो आधी सोडा. महाराष्ट्राचा किनारा सुमारे 720 किलोमीटरचा, त्यात दर काही मैलांवर खाडी आडवी येते. असं फिरलं की पाच दिवसांत गाडीची काच आणि हॉटेलांची जेवणं एवढंच लक्षात राहतं. मी किनाऱ्याची भूरूपं शिकवतो, दरवर्षी मुलांना घेऊन या पट्ट्यात असतो. माझ्या मते तीन ठिकाणांवर बेत बेतावा: कड्यासाठी हरिहरेश्वर, वाळूसाठी केळशी आणि सड्यावरच्या प्राचीन खुणांसाठी कशेळी. बाकीचं वाटेत भेटेल तेवढं घ्यावं. आणि बेत नकाशावर आखण्याआधी तिथीवर आखावा. ते कसं, हे पुढे सांगतो.

आधी जमिनीबद्दल थोडं, कारण ते कळलं नाही तर तिन्ही ठिकाणं सुटी सुटी दिसतात. कोकणाच्या तळाशी बेसाल्ट आहे, म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो झाला. दक्षिण कोकणात या पाषाणावर जांभ्याची टोपी आहे. ऊन-पावसाच्या आलटून पालटून येणाऱ्या माऱ्यात मूळ खडक कुजला, त्यातले विरघळणारे घटक वाहून गेले आणि लोह व अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरली. तो जांभा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हत्याराने चिरा सरळ कापता येतो. वारा-ऊन लागलं की दगड कडक होत जातो. डोंगरमाथ्यावरचा जांभा तर हजारो वर्षं ऊन खात पडलेला असल्याने त्याची कवची फार टणक असते. तिलाच आपण कातळ म्हणतो, आणि अशा सपाट उघड्या माथ्याला सडा.

या टणक कवचीच्या खाली मात्र बऱ्याच ठिकाणी पांढरट-जांभळट, चिकणमातीसारखा मऊ थर असतो. समुद्र कड्याच्या पायथ्याशी धडका देतो, पावसाचं पाणी मधला मऊ थर पोखरतं आणि वरची कवची आधाराविना पुढे लोंबत राहते. एक दिवस तिचा खोलीएवढा तुकडा खाली येतो. दक्षिण कोकणातल्या कड्यांच्या पायथ्याशी जे लालतांबडे धोंडे विखुरलेले दिसतात ते असे आलेले आहेत. म्हणून फोटोसाठी काठावर जाऊ नका, निदान दोन माणसं आडवी झोपतील एवढं अंतर ठेवा. वरून भक्कम दिसणाऱ्या काठाखाली काय आहे ते वरून कळत नाही.

आता हरिहरेश्वर. सावित्रीच्या मुखाच्या उत्तरेला, श्रीवर्धन तालुक्यात. लोक इथे दक्षिण काशी म्हणून येतात आणि देवदर्शनानंतर प्रदक्षिणा घालतात. ही प्रदक्षिणा म्हणजे कोकणातला किनाऱ्याच्या भूशास्त्राचा सगळ्यात चांगला धडा आहे, असं माझं ठाम मत आहे. वाट आधी टेकडीवर चढते, मग दोन कातळांच्या मधल्या अरुंद फटीतून पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात. ही फट मुळात खडकातली जुनी चीर, लाटांनी आणि पाण्याने रुंद केलेली. खाली उतरलात की पायाखाली खडकाचा सपाट ओटा लागतो. पूर्वी हा ओटा नव्हता, इथेही कडाच होता. लाटांनी तो पायथ्याशी कापत कापत मागे नेला आणि मागे हे सपाट जोतं राहिलं. उजव्या हाताला आजचा कडा, डाव्या हाताला लाटा, म्हणजे तुम्ही कड्याच्या जुन्या जागेवरून चालत असता.

इथे घाई करू नका. कड्याच्या भिंतीवर हाताच्या उंचीला मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसेल. काही भोकं बोट जाईल एवढी, काही अख्खी मूठ जाईल एवढी, आणि मधल्या भिंती कागदासारख्या पातळ. बघणाऱ्यांपैकी निम्मे लोक म्हणतात लाटांनी केलं, उरलेले म्हणतात कोणीतरी कोरलं. खरं काम मिठाचं आहे. लाटांचे तुषार खडकाच्या बारीक छिद्रांत शिरतात, उन्हाने पाणी उडतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण आतून ढकलून काढतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल जास्त टिकते, म्हणून तो आणखी खोल होतो. ओट्यावर गोल रांजणखळगेही आहेत. त्यात अडकलेले गोटे भरतीच्या पाण्यात फिरत राहतात आणि खळगा खोल करतात. एखाद्या खळग्यात हात घालून गोटा उचलून पाहा, तो गुळगुळीत का आहे हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आणि आता तिथीची गोष्ट, कारण याच ओट्यावरून माणसं वाहून गेलेली आहेत. भरतीला ही वाट पाण्याखाली असते किंवा लाटांच्या टप्प्यात असते. कोकणातला कुठलाही मच्छीमार वापरतो तो हिशेब असा: पक्षातली तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. त्यापुढे सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. गावागणिक अर्धापाऊण तास पुढेमागे होतं, म्हणून मंदिराजवळच्या दुकानदाराला विचारून घ्याच. पण घरी बसून तारीख ठरवायला हा हिशेब पुरतो. भरतीचा जोर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आणि नंतरचे एक-दोन दिवस सगळ्यात जास्त असतो, ते उधाण. त्यातली ओहोटीही तितकीच खोल जाते. अष्टमीच्या सुमाराला भांग असते, पाणी फार वर येत नाही आणि फार खालीही जात नाही.

तुमच्या कामाची तिथी तृतीया किंवा चतुर्थी, पक्ष कुठलाही. सकाळी आठ-नऊला ओहोटी मिळते, उधाण नुकतंच सरलेलं असल्याने पाणी बऱ्यापैकी आत गेलेलं असतं, आणि कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळी सगळी वाट सावलीत असते. आईवडिलांना हे सोयीचं पडेल. पायऱ्या उंच आहेत आणि उतरताना गुडघ्यांवर येतात, तेव्हा काठी घ्या. शेवाळलेल्या हिरव्या खडकावर पाय देऊ नका, काळ्या खरखरीत खडकावर द्या. पाणी फिरल्यावर ओट्यावर थांबायचं नाही, मग फोटो राहिला तरी राहू दे. पावसाळ्यात तर खाली उतरायचंच नाही.

हरिहरेश्वराहून बागमांडल्याला या आणि फेरीबोटीत गाडी घालून सावित्री ओलांडा. पलीकडे वेसवी, मग बाणकोट, वेळास आणि केळशी. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपतात. पिल्लं समुद्रात सोडण्याचा काळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, त्या दिवसांत गेलात तर मुक्काम तिथेच करा.

वाळूच्या टेकड्यांबद्दल आधी अपेक्षा नीट करून घेऊ. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरची पिलाची टेकडी शंभर मीटरच्या वर आहे. तसलं काही कोकणात नाही, आणि असणारही नाही. आपल्याकडे वाऱ्याचा जोर सगळ्यात जास्त पावसाळ्यात असतो, पण तेव्हाच वाळू भिजलेली असते आणि भिजली वाळू उडत नाही. वाळू उडते ती कोरड्या महिन्यांत, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर. दुसरं म्हणजे आपल्या नद्या आखूड आणि पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, डोंगरांच्या नाकाडांमध्ये अडकलेल्या, त्यामुळे वाळूचा साठाच मर्यादित. जून ते सप्टेंबरात लाटा पुळणीवरची वाळू ओढून समुद्रात नेतात, दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतात. ही देवाणघेवाण ज्याने पाहिलेली नाही त्याला पावसाळ्यातला उघडा पडलेला किनारा पाहून समुद्र गाव गिळायला निघालाय असं वाटतं. कधीकधी ते खरंही असतं, पण दरवेळी नाही.

केळशी या सगळ्याला अपवाद आहे. भारजा नदीच्या मुखाशी इथे सुमारे 18 मीटर उंचीची वाळूची टेकडी आहे. कोकणाच्या मानाने ही उंची अचाट. लांबून पाहिलं तर झाडोरा माजलेली साधी टेकडी वाटते, जवळ गेल्यावर पाय रुततात तेव्हा कळतं. तिच्या उघड्या पडलेल्या बाजूत आतले थर दिसतात. स्वच्छ बारीक वाळू, मध्येच खापरांचे तुकडे, शिंपले, हाडं आणि कोळसा असलेला काळपट पट्टा, पुन्हा वाळू. म्हणजे इथे माणसं राहत होती आणि नंतर वाळू त्यांच्या वस्तीवर आली.

कशी आली, यावर वाद आहे, आणि तो वाद मला टेकडीइतकाच आवडतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी या टेकडीवर अनेक वर्षं काम केलं आणि ती त्सुनामीने आणून टाकलेली असावी असं मांडलं. त्यासाठी 1524 सालाचा आधार घेतला जातो. त्या वर्षी वास्को द गामाचं आरमार दाभोळच्या समुद्रात असताना वारा नसताना जहाजं गदागदा हलल्याची नोंद पोर्तुगीजांकडे आहे, आणि दाभोळ केळशीपासून दक्षिणेला फार लांब नाही. पश्चिम किनाऱ्यावर त्सुनामी येऊच शकत नाही असंही म्हणता येत नाही. नोव्हेंबर 1945 मधल्या मकरानच्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या होत्या.

तरीही माझा कल वाऱ्याकडे आहे. त्सुनामीने टाकलेल्या थरात सहसा सगळी मिसळ सापडते: गोटे, फुटके शिंपले, चिखलाचे गोळे, समुद्रतळाचे जीव, सगळं एकाच घासात. वाऱ्याने आणलेली वाळू निवडून घेतल्यासारखी एका मापाची असते आणि तिचे थर तिरपे लागलेले असतात. टेकडीची वाळू तळहातावर घेऊन पाहा आणि मग खाली ओल्या पुळणीवरची मूठभर घेऊन शेजारी धरा. वरची बारीक, सारखी. खालची जाडीभरडी, शिंपल्यांच्या चुऱ्याने भरलेली. एखाद्या मोठ्या लाटेने वस्ती उठवली असेल आणि नंतर शेकडो वर्षं वाऱ्याने वाळू चढवली असेल, हेही शक्य आहे. दोन्ही बाजू तिथे उभं राहून तपासता येतात, अशी जागा कोकणात दुसरी मला माहीत नाही. थरांत हात घालू नका, खापराचा तुकडाही उचलून आणू नका. आपल्या जागेवरून हललेलं खापर अभ्यासाला निरुपयोगी असतं.

पुळणीवरून टेकडीकडे जाताना पायाखालच्या वेलीकडेही लक्ष द्या. जांभळ्या फुलांची, जाड पानांची मर्यादावेल. वाळू टेकडी होऊन टिकते ती या वेलीमुळे आणि काटेरी गवतामुळे. उडती वाळू त्यांच्यात अडते, वेल वाळूखाली गाडली गेली की पुन्हा वर येते, आणि थर चढत जातो. आपण मात्र बहुतेक पुळणींवर वेल काढून सुरूची बनं लावली. सावली छान मिळते, पण त्या सावलीत वेल जगत नाही. उधाणात लाटा सुरूच्या मुळांखालची वाळू ओढून नेतात आणि झाडं ओळीने आडवी पडतात. मग दगडी बंधारा येतो, बंधाऱ्यावर आपटून परतलेली लाट समोरची उरलीसुरली वाळूही घेऊन जाते. कायद्याने वाळूच्या टेकड्या किनारा नियमन क्षेत्राच्या सगळ्यात कडक वर्गात मोडतात. जमिनीवर हे फारसं जाणवत नाही. पुढे कधी गोव्यात गेलात तर मोरजी-मांद्र्याच्या पुळणीवर शॅकच्या मागच्या बाजूला पाहा, टेकड्यांच्या उरलेल्या रांगा अजून ओळखू येतात.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेला निघा. दाभोळ-धोपावे फेरीने वाशिष्ठी ओलांडा, गुहागरात जेवा आणि हेदवीला पोचा. हेदवीची बामणघळ भरतीला पाहायची असते, ओहोटीला नाही. खडकातली अरुंद घळ, लाट तिच्यात कोंडते आणि पाण्याचा फवारा वर उडतो. हरिहरेश्वर दुसऱ्या दिवशी सकाळी, चतुर्थीला केलंत तर आज पंचमी, पूर्ण भरती पावणेचारच्या सुमाराला. तीनपर्यंत पोचलात की जमलं. घळीच्या तोंडाशी उभं राहायचं नाही, बाजूच्या उंच, कोरड्या खडकावर थांबायचं. हिवाळ्यात फवारा बेताचाच असतो, व्हिडिओत दिसतो तो पावसाळ्यातला. पुढे तवसाळ-जयगड फेरी आणि गणपतीपुळ्याच्या आसपास मुक्काम. दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या घाटरस्त्यावरून रत्नागिरीत उतरा. पावस, पूर्णगड, गावखडी करत कशेळी.

कशेळीत तुमचं प्राचीन ठिकाण एक नाही, तीन आहेत आणि तीन वेगळ्या काळांतली. गावात कनकादित्याचं मंदिर आहे. सूर्याची मंदिरं महाराष्ट्रात मोजकीच, त्यात हे नावाजलेलं. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके 1113 चा, म्हणजे सन 1191 चा ताम्रपट या गावाचा आहे. मूर्तीबद्दलची आख्यायिका अशी की सौराष्ट्राकडून येणारं जहाज इथे अडलं, मूर्ती कड्यातल्या गुहेत ठेवली गेली आणि गावातल्या कनका नावाच्या स्त्रीला दृष्टांत होऊन ती बाहेर आली. ती गुहा दाखवतात ती देवघळीच्या कड्यात. देवघळीचा कडा संध्याकाळी पाहा. जांभ्याची तांबडी भिंत, खाली छोटीशी पुळण, आणि सूर्य समोर बुडतो. सूर्यदेवाची कथा याच कड्याला का चिकटली असेल ते तिथे उभं राहिल्यावर पटतं.

या दोन्हींपेक्षा कितीतरी जुनी असावीत ती सड्यावरची कातळशिल्पं. कशेळीच्या सड्यावर सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद असा हत्ती कोरलेला आहे. हत्ती म्हटलं तरी बाह्यरेषा, आणि तिच्या पोटात इतर प्राणी आणि आकृत्या. उभ्या माणसाला तो एका नजरेत दिसत नाही, काठाकाठाने चालत जुळवावा लागतो. हीच गोष्ट मला थक्क करते. ज्यांनी कोरला त्यांनाही तो वरून कधी दिसला नसणार, तरी प्रमाण सुटलेलं नाही. तेही धातूच्या छिन्नीवाचून, त्या टणक कवचीत, बहुधा दगडाने दगड टोचत.

अशी शिल्पं रत्नागिरी जिल्ह्यात दीड हजाराहून जास्त नोंदली गेली आहेत. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे पायी पालथे घालून, गुराख्यांना विचारत विचारत त्यांतली बरीचशी उजेडात आणली. 2022 मध्ये कशेळी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढे तळी, उक्षी, जांभरूण, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. काळाबद्दल ठाम आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उघड्या कातळावरच्या रेषेचं थेट वय काढणं फार अवघड, अंदाज मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे शेतीच्या आधीच्या शिकारीच्या काळापर्यंत मागे जातात. चित्रांत शिकारीचे आणि पाण्यातले प्राणी आहेत, आज कोकणात नसलेला गेंडाही ओळखला गेला आहे, पण शेतीचं काही दिसत नाही. आणखी एक लक्षात ठेवण्यासारखं: वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती आणि किनारा पश्चिमेला खूप लांब होता. तेव्हा आज समुद्राकाठी वाटणारा हा सडा त्यांच्या काळी कदाचित आतल्या पठाराचा भाग असेल. पण काही शिल्पांत शार्क आणि पाकटासारखे मासे आहेत. ते कोरणाऱ्याला समुद्र चांगला माहीत होता, एवढं नक्की.

ही शिल्पं सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर पाहा. कोरीव रेषा काही बोटंच खोल असतात, तिरप्या उन्हात त्यांच्या कडेला सावली पडते आणि आकृती उठून येते. भर दुपारी हत्तीवरून चालत जाल आणि पत्ताही लागणार नाही. जून ते ऑक्टोबर पाणी आणि गवत असतं, म्हणून डिसेंबर-जानेवारी उत्तम. चपला काठावर काढा. फोटोत उठावदार दिसावं म्हणून खडूने किंवा चुन्याने रेषा भरू नका, ते रंग छिद्रांत बसले की निघत नाहीत. सातबाऱ्यावर या कातळाची नोंद पोटखराबा म्हणून असते, म्हणजे निरुपयोगी जमीन, आणि म्हणून चिरेखाणी आणि रस्ते पहिल्यांदा इथेच येतात. बारसूचा सडा 2023 मध्ये रिफायनरीच्या माती-परीक्षणावरून पेटला तेव्हा कित्येकांनी कातळशिल्प हा शब्द पहिल्यांदा ऐकला. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे, वेळ असेल तर तोही पाहा. देवाचे गोठणेला होकायंत्र घेऊन जा, शिल्पाजवळ सुई भरकटते. मुलं बरोबर असतील तर एवढ्यासाठीही वाट वाकडी करायला हरकत नाही.

पाचव्या दिवशी राजापूरवरून अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूरमार्गे पुण्याला परता. फेऱ्यांच्या वेळा निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा, ओहोटी फार खोल असेल किंवा वारा असेल तर बोट उशिरा सुटते. आणि एखादा दिवस कमी पडला तर हेदवी आणि गणपतीपुळे गाळा, केळशीहून दापोली-खेड करत महामार्गाने थेट रत्नागिरी गाठा आणि कशेळीला पूर्ण एक संध्याकाळ आणि एक सकाळ द्या. संध्याकाळ देवघळीला, सकाळ सड्याला.